निर्वासित कायदा शिकायचाय? आधी घरचा, मग जिनिव्हाचा

भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. 1951 च्या जिनिव्हा करारावर भारताची सही नाही, 1967 च्या पूरक करारावरही नाही. निर्वासित कुणाला म्हणायचे हे सांगणारे एक कलमसुद्धा संसदेने आजवर मंजूर केलेले नाही. त्यामुळे लॉ कॉलेजातली एखादी मुलगी ‘मला निर्वासित कायद्यात काम करायचंय’ म्हणाली, की घरच्यांचा आणि बऱ्याचदा सरांचाही पहिला प्रश्न ठरलेला असतो : जो कायदा इथे नाहीच, तो शिकून करणार काय?

प्रश्न रास्त आहे. पण कायदा नाही म्हणजे माणसे नाहीत, असे होत नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1970 च्या दशकापासून आहे. तमिळनाडूत श्रीलंकन तमिळांची शिबिरे चार दशके चालू आहेत. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावल्यावर चिन लोक सीमा ओलांडून मिझोरमात आले. दिल्लीत अफगाण, सोमाली, रोहिंग्या कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. या सगळ्यांना जन्मदाखला लागतो, भाडेकरार लागतो, पोरांना शाळेत घालायचे असते, आणि एखाद्या रात्री पोलीस ठाण्यात नेले तर जामीनही लागतो. एक पुस्तक उघडून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. चार कायदे, दोन अधिसूचना आणि पाच निकाल एकत्र लावून ते काढावे लागते. वकिलाची गरज अशाच ठिकाणी असते.

महाराष्ट्राला तर हा विषय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुतांश बायका आणि मुले, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे आली. आजचा गांधीनगरचा कापडबाजार तिथला. कायद्याच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे. जागा एक, पण दोघांचा कायदेशीर दर्जा पूर्ण वेगळा. पोलिश कुटुंबांना ब्रिटिश सरकार आणि पोलंडचे परागंदा सरकार यांच्यातल्या व्यवस्थेने आसरा मिळाला आणि ती पाहुणे म्हणूनच राहिली. सिंधी कुटुंबांना पुढे राज्यघटनेच्या कलम 6 ने थेट नागरिकत्वाचा मार्ग दिला. आसरा मिळणे आणि हक्क मिळणे यांतले अंतर समजायला याहून जवळचे उदाहरण नाही.

आता अभ्यासाचा क्रम. बहुतेक विद्यार्थी सुरुवातच जिनिव्हा करारापासून करतात, आणि माझ्या मते तिथेच गाडी चुकते. करार वाचायला सोपा, भाषा भारदस्त, कलमे अवघी 46. तो पाठ होतो. मग समोर खरा माणूस आला, की कळते की त्याच्यावर गुन्हा दाखल आहे तो परकीय नागरिकांच्या कायद्याखाली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना जिनिव्हाशी काही देणेघेणे नाही. म्हणून आधी घरचा कायदा.

घरच्या कायद्यात अलीकडेच मोठा बदल झाला आहे. जुन्या नोट्सवर विसंबणाऱ्यांनी सावध राहावे. 1946 चा फॉरेनर्स ॲक्ट, 1939 चा नोंदणी कायदा, 1920 चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा आणि 2000 चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा कायदा हे चारही रद्द होऊन त्यांच्या जागी ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, 2025’ आला. तो 1 सप्टेंबर 2025 पासून लागू आहे. वैध कागदपत्रांशिवाय देशात शिरणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्याप्रमाणेच त्या व्यक्तीवर आहे. जीव वाचवायला पळालेला माणूस आणि व्हिसा संपूनही मजेत राहिलेला पर्यटक यांच्यात हा कायदा स्वतःहून काही फरक करत नाही.

फरक होतो तो सवलतीच्या आदेशातून. कायद्यासोबत निघालेल्या 2025 च्या सवलत आदेशात नेपाळ आणि भूतानचे नागरिक आहेत, ठरावीक काळात आलेले तिबेटी आहेत, 9 जानेवारी 2015 पर्यंत आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ आहेत. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून धार्मिक छळामुळे 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकही आहेत. यातली शेवटची तारीख नीट बघा. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीतली तारीख 31 डिसेंबर 2014 आहे. दहा वर्षांचा फरक आहे आणि दोन्हींचा परिणाम वेगळा आहे. 2014 च्या तारखेने नागरिकत्वाचे दार उघडते. 2024 च्या तारखेने फक्त कागदपत्रे नसल्याबद्दलची कारवाई टळते. या दोन तारखांची गल्लत वर्तमानपत्रांतही होते. तुमच्या अर्जात ती झाली तर अशिलाचे नुकसान होईल.

1955 चा नागरिकत्व कायदा याच टेबलावर हवा. त्यातले कलम 3 तीन तुकड्यांत वाचायचे : 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण जन्माने नागरिक; त्यानंतर आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक; 3 डिसेंबर 2004 पासून आईवडील दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. नामग्याल डोलकर प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये हेच कलम तिबेटी आईबापांच्या पोटी भारतात जन्मलेल्या मुलीला लावले आणि ती भारतीय नागरिक असल्याचे मान्य केले. म्हणजे गोठणगावात 1980 साली जन्मलेल्या माणसासाठी आश्रयाचा अर्ज करायला निघण्याआधी त्याचा जन्मदाखला बघा. कदाचित तो निर्वासित नसेलच, तुमच्या-आमच्यासारखा मतदार असेल.

निकालांची यादी लांबलचक करू नका. सहा पुरेत, पण पूर्ण वाचा. हान्स म्युलर (1955) : परकीय नागरिकाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार किती व्यापक आहे ते कळते. लुई दी राएट (1991) : परकीयांना कलम 21 चे संरक्षण आहे, पण देशात राहण्या-वसण्याचा कलम 19 चा हक्क नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश (1996) : तिथल्या चकमा निर्वासितांच्या जीविताचे रक्षण करणे ही राज्याची जबाबदारी ठरली. कतेर अब्बास अल कुतैफी (गुजरात उच्च न्यायालय, 1998) : भुजमध्ये अडकवून ठेवलेल्या दोन इराकींच्या निमित्ताने, छळाच्या तोंडी परत न पाठवण्याचे तत्त्व न्यायालयाने कलम 21 मध्ये वाचले.

उरलेले दोन शेजारी ठेवून वाचा, कारण त्यांच्यात महिन्याचेही अंतर नाही. 8 एप्रिल 2021 रोजी मोहम्मद सलीमुल्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांना अंतरिम दिलासा नाकारला. देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क हा कलम 19 च्या राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे, असे म्हटले. मात्र विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय कुणालाही पाठवू नये, असेही सांगितले. 3 मे 2021 रोजी नंदिता हक्सर प्रकरणात मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून पळालेल्या पत्रकारांना आणि त्यांच्यासोबतच्या कुटुंबाला दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुरक्षित जाऊ दिले. एकाच राज्यघटनेतून हे दोन रस्ते कसे निघाले? पहिला आदेश अंतरिम आहे, दुसरा निर्णय उच्च न्यायालयाचा. एकात प्रश्न मोठ्या समूहाचा आणि सुरक्षेचा मांडला गेला, दुसऱ्यात सात माणसांचा. हे बारकावे उत्तरपत्रिकेत दोन मार्कांचे असतील, युक्तिवादात तेच कामाला येतात.

आणि एक सवय आत्ताच लावून घ्या. मे 2025 मध्ये एका श्रीलंकन तमिळाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे अशा अर्थाचा शेरा निघाला आणि सगळीकडे तोच मथळा झाला. सुनावणीतला शेरा हा निकाल नसतो. लेखी आदेशात काय आहे ते काढून वाचा. बाजूने असो वा विरुद्ध, मथळ्यावरून कायदा सांगू नका.

इतके झाल्यावर जिनिव्हा. 28 जुलै 1951 रोजी मंजूर झालेला हा करार मुळात 1 जानेवारी 1951 पूर्वीच्या घटनांपुरता होता आणि देशांना तो केवळ युरोपपुरताही लावता येत होता. 1967 च्या पूरक कराराने काळाची अट गेली आणि स्थळाचीही जवळपास गेली. कलम 1 मधली व्याख्या हा सगळ्या विषयाचा कणा आहे : आपल्या देशाबाहेर असलेला, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी कारणाने छळ होईल अशी साधार भीती असलेला, आणि त्या भीतीमुळे स्वतःच्या देशाचे संरक्षण घेऊ न शकणारा किंवा न इच्छिणारा माणूस. हे वाक्य घोकून उपयोग नाही. माणसाला लावून बघा.

समजा, एक अफगाण मुलगी 2019 मध्ये रीतसर विद्यार्थी व्हिसावर पुण्यात शिकायला आली. शहरात अफगाण विद्यार्थ्यांची संख्या बरीच असते, तेव्हा हे उदाहरण काही काल्पनिक देशातले नाही. ती पळून आलेली नाही. तिला तेव्हा कसलीच भीती नव्हती. 15 ऑगस्ट 2021 रोजी काबूल पडले आणि ती पुण्यातल्या खोलीवर बसल्या जागी निर्वासित ठरू शकते अशी स्थिती आली. देश सोडताना भीती असलीच पाहिजे अशी अट कुठेच नाही. आता व्याख्येचा एकेक भाग लावा. देशाबाहेर आहे का? आहे. भीती कशाची? ‘तालिबान वाईट आहेत’ हे उत्तर नव्हे. परत गेल्यावर शिक्षण बंद, एकटीने प्रवास बंद, आणि भाऊ आधीच्या सरकारच्या नोकरीत असेल तर घरावर नजर, असे नेमके सांगावे लागते. हा त्रास आहे की छळ? एकेक निर्बंध कदाचित छळ ठरणार नाही. सगळे मिळून ठरतात का? युरोपीय संघाच्या न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 रोजी याच प्रश्नावर सांगितले की अफगाण स्त्रियांवरील हे निर्बंध मिळून छळ ठरतात आणि अर्जदाराचे लिंग आणि राष्ट्रीयत्व पाहून निर्णय देता येतो. कारण कोणते लावायचे, सामाजिक गट की राजकीय मत? दोन्ही लावता येतील. देशातच दुसऱ्या शहरात राहून सुटका होईल का? छळ करणाराच सत्तेवर असेल तर नाही. इतके करून तुमच्या हाती एक नीटनेटका दावा येतो. पण भारतात त्याचे काय करायचे? संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात नोंदणी होईल, कार्डही मिळेल. सरकारच्या लेखी मात्र त्या कार्डाने दर्जा मिळत नाही. तिला परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात व्हिसाची मुदतवाढ मागावीच लागेल. घरचा कायदा आधी वाचा म्हणण्याचे कारण हेच.

या व्याख्येवरचे सगळ्यात उपयोगी पुस्तक फुकट मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाचे हँडबुक 1979 मध्ये पहिल्यांदा निघाले आणि पुढे पुन्हा छापले गेले. परिच्छेद 37 ते 50 साधार भीतीवर आहेत, 94 ते 96 पुण्यातल्या मुलीसारख्या प्रकरणांवर, आणि 195 ते 205 पुराव्यावर. शेवटचे दहा-अकरा परिच्छेद दोनदा वाचा. पुरावा देण्याचा भार अर्जदारावर असला तरी तथ्ये शोधण्याची जबाबदारी तपासणाऱ्यानेही वाटून घ्यायची, आणि हकिगत सुसंगत असेल तर संशयाचा फायदा द्यायचा, हे तिथे सापडते. करारातले कलम 31 (बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा नको), कलम 33 (छळाच्या तोंडी परत पाठवू नका) आणि कलम 1 चा फ भाग (युद्धगुन्हेगार आणि गंभीर गुन्हेगार वगळा) ही तीन कलमे नीट समजली की बाकीचा करार सावकाश वाचला तरी चालतो.

भारताने सही का केली नाही? सछिद्र सीमा, सुरक्षा, शीतयुद्धातला संशय, आणि करारात आश्रय देणाऱ्या देशावर जबाबदाऱ्या असूनही त्या वाटून घेण्याची सक्ती कुणावर नसणे, अशी कारणे दिली जातात. बी. एस. चिमणी यांचे लेखन यासाठी वाचायलाच हवे. त्यांचे 2000 सालचे संकलन आणि 1998 चा निर्वासित अभ्यासामागच्या राजकारणावरचा निबंध, दोन्ही. पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणारी बाजू ते मांडतात. 2024 अखेर जगात 12 कोटी 32 लाख लोक बळजबरीने विस्थापित होते आणि निर्वासितांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते, हे लक्षात घेतले की चिमणींचा मुद्दा आणखी पटतो. तरीही माझे मत असे, की करारावर सही न करणे एक आणि स्वतःचा कायदाच न करणे दुसरे. पहिल्याचे समर्थन होऊ शकते, दुसऱ्याचे नाही. न्या. पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात आदर्श कायद्याचा मसुदा तयार झाला, शशी थरूर यांनी 2015 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले. दोन्ही वाचा, मसुदा कसा लिहितात हे शिकायला उत्तम.

परदेशी निकालांकडे वळल्यावर भारतीय वाचकाला थोडा धक्का बसतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 एप्रिल 1985 रोजी सिंग प्रकरणात ठरवले की आश्रय मागणाऱ्याला तोंडी सुनावणी मिळालीच पाहिजे. त्याआधी केवळ कागदावरून दावे फेटाळले जात. अर्जदारांत बहुतेक भारतातले शीख होते. कॅनडात तो दिवस आजही निर्वासित हक्क दिन म्हणून पाळतात. 1996 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने चहल प्रकरणात सांगितले की छळाचा धोका असेल तिथे सुरक्षेच्या कारणानेसुद्धा माणसाला परत पाठवता येणार नाही. ‘तिथे’ म्हणजे पंजाब. आपण आश्रय देणारा देश आहोत, तसे आपल्या देशातून पळालेली माणसेही आहेत. हे वाचताना राग येईल, पण दुसऱ्या देशाच्या वकिलाला असेच वाटत असते हे समजायला त्याचा उपयोग होतो. याखेरीज कॅनडाचा वॉर्ड निकाल (1993), इंग्लंडचे शाह आणि इस्लाम (1999) व एचजे इराण (2010), अमेरिकेचा कार्डोझा-फोन्सेका (1987) हे चार वाचा. शेवटच्यात एक हिशोब आहे : छळाची शक्यता निम्म्याहून कमी असली, अगदी दहात एक असली, तरी भीती साधार असू शकते.

आता त्या कामाकडे, ज्याचा पेपर नसतो. निर्वासित कायद्यातला बहुतेक खटला कायद्यावर नाही, हकिगतीवर जिंकला किंवा हरला जातो. अर्जदाराकडे साक्षीदार नसतात, कागद नसतात. असते फक्त त्याने सांगितलेली हकिगत. ती लिहून घेणे ही कला आहे. ‘मला जिवाची भीती आहे, तालिबान माझ्या मागावर आहेत’ असे चार ओळींचे निवेदन नवखा वकील लिहून देतो. तपासणारा विचारतो : कोण आले होते? किती जण? दिवसा की रात्री? तुमचे नाव घेऊन विचारले का? तुम्ही घरी नव्हतात, मग कुणी सांगितले? हे सगळे आधीच यायला हवे होते. ‘मी मावशीकडे होतो. आई फोनवर म्हणाली, दोघे आले, एकजण आमच्याच गल्लीतला. त्याने माझ्या शाळेचे नाव विचारले’ हे निवेदन टिकते, कारण यात तपशील बनवलेला वाटत नाही आणि प्रत्येक गोष्ट कशी कळली ते आहे.

तारखा हे स्वतंत्र दुखणे. अफगाण माणूस 24 असद 1400 म्हणेल. ती 15 ऑगस्ट 2021. त्यांच्या तझकिरा या ओळखपत्रावर बऱ्याचदा जन्मतारखेऐवजी ‘अमुक साली वय इतके’ एवढेच असते; मग पासपोर्टवर 1 जानेवारी पडते, आणि युरोपातला अधिकारी म्हणतो की जन्मतारीख खोटी. आपल्याकडे मास्तरांनी शाळेच्या दाखल्यावर टाकलेला 1 जून ज्याने पाहिला आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. म्हणून तारीख विचारताना आधी प्रसंग विचारा : रमजानच्या आधी की नंतर, कापणी झाली होती का, धाकटी चालायला लागली होती का. मग तारखांचा तक्ता करा, मूळ दिनदर्शिका एका रकान्यात, इंग्रजी तारीख दुसऱ्यात. अर्जदाराला परत वाचून दाखवा, त्याच्या भाषेत.

दुभाष्या घरातला नको. नवरा शेजारी बसून बायकोचे निवेदन तर अजिबात नको. तिचा स्वतःचा दावा वेगळा असू शकतो आणि तो नवऱ्याच्याच विरोधात असू शकतो. एकाच देशातला दुभाष्या विरोधी जमातीचा निघाला तर अर्जदार तोंड उघडत नाही. उर्दू चांगली येणारे विद्यार्थी या कामात अनमोल ठरतात. अनेक अफगाण आणि रोहिंग्या लोक उर्दू-हिंदीत बऱ्यापैकी बोलतात. तरी कामचलाऊ भाषेवर शपथपत्र करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचे : कागद खरा आहे का हे पाहायला अर्जदाराच्या दूतावासाला कधीही पत्र लिहू नका. एरवी परदेशी माणसाला अटक झाली की दूतावासाला कळवणे ही चांगली प्रथा आहे. इथे मात्र ज्या सरकारला घाबरून तो पळाला त्यालाच त्याचा पत्ता दिल्यासारखे होते, आणि घरी उरलेल्या आईवडिलांवर बेतू शकते.

हकिगतीला अर्जदाराच्या देशातल्या परिस्थितीची जोड लागते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा रेफवर्ल्ड आणि ऑस्ट्रियन रेड क्रॉसचा इकॉय डॉट नेट हे दोन संग्रह फुकट आहेत. ब्रिटनच्या गृहखात्याच्या देशवार नोंदी वाचा, भारताविषयीच्याही आहेत. नोंद वाचताना ती कोणत्या महिन्याची आहे ते आधी बघा. सहा महिन्यांपूर्वीची शांतता आज खोटी असू शकते.

कुठे शिकायचे याचे उत्तर छोटे आहे. आपल्या विद्यापीठांत हा विषय बहुधा मानवी हक्क किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरातले एक प्रकरण म्हणून येतो. दिल्लीच्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉचा मानवी हक्क, मानवतावादी आणि निर्वासित कायद्याचा पदविका अभ्यासक्रम आहे. कलकत्ता रिसर्च ग्रुपच्या सक्तीच्या स्थलांतरावरच्या कार्यशाळा वैचारिकदृष्ट्या कसदार असतात. बाहेर जायचे तर ऑक्सफर्डचे रेफ्यूजी स्टडीज सेंटर (1982 पासून), लंडन विद्यापीठाचा रेफ्यूजी लॉ इनिशिएटिव्हचा दूरस्थ एम.ए., टोरंटोचे यॉर्क विद्यापीठ, सिडनीचे काल्डोर सेंटर. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना लंडनचा दूरस्थ पर्याय बरा. इटलीत सॅनरेमोची संस्था छोटे अभ्यासक्रम घेते. पैशांसाठी चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फेलिक्स, इन्लॅक्स पाहा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अवश्य पाहावी, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट प्रवेश घेण्याआधी तपासावी. पदवी घेताना प्रत्यक्ष अशिलांबरोबर काम करू देणारे लीगल क्लिनिक आहे का, हा विद्यापीठाच्या नावापेक्षा मोठा निकष माना.

पोटापाण्याचे स्पष्ट बोलू. भारतात केवळ या कामावर घर चालवणारे वकील मोजके. बहुतेक जण फौजदारी किंवा रिट प्रॅक्टिससोबत हे करतात, आणि ते चांगलेच आहे. जामीन न मागता येणारा निर्वासितांचा वकील अशिलाच्या काय कामाचा? दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय, त्याच्या भागीदार संस्था आणि मायग्रेशन अँड असायलम प्रोजेक्टसारख्या संस्थांत नोकऱ्या आणि इंटर्नशिप असतात, पण जागा थोड्या. परदेशात तिथली सनद लागते. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय इमिग्रेशन सल्ला देणे गुन्हा आहे. आणि हो, परदेशात गेलेल्या आपल्या मुलांना व्हिसा संपत आला की ‘असायलम टाकून देऊ’ म्हणणारे एजंट भेटतात. त्यांच्यासाठी खोट्या हकिगती लिहून देण्याचे काम तुमच्याकडे येईल, पैसेही बरे मिळतील. करू नका. प्रत्येक खोट्या अर्जामागे खऱ्या अर्जदाराकडे बघणारी नजर आणखी संशयी होते.

सुरुवात मुंबई, पुणे, नागपूरला बसूनच करता येते. कोठडीत किंवा कारागृहात असलेल्या कुणालाही, तो कोणत्याही देशाचा असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो. त्यात नागरिकत्वाची अट नाही. राज्यातल्या कारागृहांत परदेशी बंदी असतात आणि त्यांच्यापैकी कुणाच्या फायलीत आश्रयाचा प्रश्न दडला आहे हे सहसा कुणी विचारत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. पुढच्या आठवड्यात तिथे जाऊन चौकशी करा.